समुद्रात थकल्यावर धरायचं काय?

मी ट्रायथलॉन करतो हे कळलं की शहरातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "एवढं पळता कसं?" आमच्या वरवट बकालात पळण्याचं किंवा चालण्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या दिंड्या पायी शेगावला जातात, आणि त्यांत सत्तरी ओलांडलेल्या बायाही असतात. सायकलीचंही तसंच. मला लागलेला प्रश्न वेगळाच होता आणि तो माझ्या कृषी केंद्रात तुरीची फवारणी विचारायला आलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं विचारला होता. "भाऊ, विहिरीत थकलं का दगड धरता येते, मोटारीचा पाइप धरता येते. समुद्रात थकल्यावर धरता काय?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढं बरीच वर्षं या खेळात काढल्यावर वाटतं, मला जे काही शिकायला मिळालं ते बहुतेक सगळं त्याच प्रश्नाच्या पोटात होतं.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, आणि घड्याळ मधे कुठंही थांबत नाही. ओले पाय पुसून मोजे चढवायला लागणारा वेळसुद्धा शर्यतीतच मोजला जातो. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोला या नावाची पहिली शर्यत झाली आणि २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. ऑलिंपिकला दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. मी पणजीत जी शर्यत करतो ती त्याहून लांब, १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. तिन्हींची मैलांत बेरीज ७०.३ येते, म्हणून तिचं नाव आयर्नमॅन ७०.३. २०१९ साली ती मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा भरली. सगळं मिळून साडेआठ तास मिळतात, त्यातही पोहणं एक तास दहा मिनिटांत आटोपलं नाही तर माणसाला तिथंच थांबवतात. सायकलीला हात लावायला मिळत नाही. आमच्या भागातून जाणाऱ्याची झोप उडते ती या एक तास दहा मिनिटांपायी.

आपल्याकडं या खेळात नाव झालेली माणसं पाहिली की ही गोष्ट लक्षात येते. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. तेव्हा सगळीकडं चर्चा झाली ती त्यांच्या वयाची, कारण ते पन्नाशीला टेकले होते. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, ही गोष्ट मागं पडली. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर यांनी देशोदेशी जाऊन आयर्नमॅन पूर्ण केल्या, कितीतरी हौशी खेळाडू घडवले. तेही मूळचे जलतरणातलेच. ज्याच्या अंगात पाणी लहानपणीच मुरलं आहे त्याची ट्रायथलॉन सायकलीवर बसल्यावर सुरू होते. आमची पाण्यातच अर्धी होऊन जाते.

आणि आमच्याकडं पाण्याशी नातं तरी कसलं? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधली काळी जमीन आणि तिच्या पोटात खारं पाणी. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्या संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं मोडली हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. वान धरणाचं पाणी योजनेतून गावागावांत येऊ लागलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी ते ओंजळीत घेऊन चाखून पाहिलं होतं. अशा मुलखात पाणी दोनच प्रकारे भेटतं, एक तर नसतं, नाहीतर पूर येऊन बांध फोडून जातं. त्यात उतरून तासभर शांतपणे हातपाय मारावेत, असं पाणी कुणाच्या वाट्याला येत नाही.

आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, वरून कुणीतरी ढकलायचं, आणि खाली गेलेला पोरगा वर आला की तो शिकला. डोकं कायम पाण्याबाहेर, हात आपटत, ह्या काठावरून त्या काठाला. असा पोहणारा पोरगा गावात पट्टीचा पोहणारा म्हणून ओळखला जातो, मीही ओळखला जायचो. विहीर रुंद असून असून किती असणार? चार हात मारले की दगड हाताला लागतो. माणूस खरं तर एका आधाराकडून दुसऱ्या आधाराकडे जात असतो.

अकोल्याच्या जलतरण तलावावर मी जायला लागलो तेव्हा तिशी उलटून गेली होती. पहाटे शेगाव गाठायचं, तिथून गाडीनं अकोला, आणि दुकान उघडायच्या वेळेपर्यंत परत. हे रोज शक्य नव्हतंच. आठवड्यातून जमेल तेव्हा. तिथं शिकवणारे गृहस्थ वयानं मोठे होते, मोजकं बोलायचे. माझे हात बघून ते काहीच म्हणाले नाहीत. तलावाच्या कडेला उभं राहून म्हणाले, "तोंड पाण्यात घाला आणि फक्त श्वास सोडा. घ्यायचं मी सांगेन तेव्हा." सुरुवातीचे कित्येक दिवस मी एवढंच केलं. छातीभर पाण्यात उभं राहायचं, तोंड बुडवायचं, नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, मान वळवून एक घोट हवा घ्यायची, पुन्हा तोंड आत. शेजारच्या पट्ट्यात आठ-नऊ वर्षांची पोरं सुळकन निघून जायची.

शिकवणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं पुढं समजलं. पाण्यात जीव घाबरा होतो तेव्हा आपल्याला वाटतं हवा कमी पडते आहे. खरं तर छातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर गेलेला नसतो, आणि शरीराला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः त्यानं. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो, वर आणखी घ्यायला बघतो, आणि आत जागाच नसते. सोडणं जमलं की घेणं आपोआप जमतं. हे कळायला मला एक हिवाळा लागला असेल, आणि अंगवळणी पडायला त्याहून जास्त. पण ज्या दिवशी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान न उचलता गेलो, त्या दिवशी मला स्वतःच्याच अंगाचा एक नवा भाग सापडल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्यात अकोल्याच्या फेऱ्या अंगावर यायच्या. सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, ओळखीच्या एका संत्रा बागायतदाराचं शेततळं होतं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली आणि त्यानंतर आमच्या भागात अशी तळी बरीच झाली. मी त्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. आधी तळ्याकाठी घेऊन गेले आणि म्हणाले, "हात लावून पाय." तळाशी आणि उतारावर काळ्या प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर पाण्याच्या रेषेपाशी शेवाळाचा पातळ थर बसतो. मी हात ठेवला. तो घसरला. तळवा पूर्ण टेकवला, तरी घसरला. उतार तिरका, खोली दोन पुरुष, आणि बाहेर यायला बोटभर खाच नाही. पोहता येणारा धडधाकट माणूससुद्धा त्यात अडकतो, दहा-पंधरा मिनिटं कडेशी झटापट करून दमतो आणि बुडतो. त्यांनी चारही बाजूंच्या खुंट्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधून पाण्यात सोडले, ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब तरंगत ठेवली, आणि मी पोहत असेन तोवर त्यांचा मुलगा काठावर बसेल अशी अट घातली. ती अट त्यांनी एकदाही मोडू दिली नाही. मुलाला काम असलं तर मला परत पाठवायचे. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तलाव, तळं आणि समुद्र यांच्या मधली पायरी मला कोल्हापूरला मिळाली. तिथं राजाराम तलावात ट्रायथलॉन भरते. कोल्हापूरकरांना पाण्याचं भय नाही, रंकाळा आणि पंचगंगा त्यांच्या लहानपणातच असतात, आणि तो मोकळेपणा स्पर्धेतही दिसतो. सुरुवातीच्या गर्दीत कुणाचा पाय माझ्या तोंडावर बसला, कुणी पाठीवरून गेलं, आणि एकानं पुढं जाता जाता वळून "दादा, बाजूनं चला, निवांत" असं सांगितलं. पाण्यात मधोमध असताना, स्वतः शर्यतीत असताना, तो हे सांगून गेला. मी बाजूला झालो आणि माझं पोहणं सापडलं. मोकळ्या पाण्यात तळाला आखलेली काळी रेघ नसते, म्हणून दर काही हातांनंतर डोळे पाण्यावर काढून पिवळा-नारिंगी फुगा कुठं आहे ते बघून घ्यावं लागतं. ते जमलं नाही तर माणूस दोन किलोमीटरचे अडीच करतो.

मग पणजी. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. आदल्या दिवशी सायकल ठरलेल्या जागी लावून यावी लागते. त्या मैदानात शेकडो सायकली रांगेनं टांगलेल्या पाहिल्या की आपण कुठं आलो आहोत याची जाणीव होते. मोठ्या शहरांतून आलेली माणसं, मोठ्या पगाराची, महाग सायकलींची. लष्करातले जवान. परदेशी खेळाडू. त्यांच्यात बुजल्यासारखं होतं हे खरं. पण घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधून, डोक्याला सगळ्यांसारखीच टोपी घालून वाळूत उभं राहिलं की कोण कुठला हे कळेनासं होतं. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. काही सेकंदांच्या अंतरानं थोडे थोडे जण पाण्यात जातात.

समुद्रात पहिल्या वेळी माझं काय झालं ते सांगतो. फुटणाऱ्या लाटा पार करून मी पुढं गेलो, पहिला फुगाही मागं टाकला. मग एक लाट आली आणि मी तिच्या उतारावर असताना डोकं वर काढलं. समोर काही नव्हतं. फुगा नाही, टोप्या नाहीत, किनारा नाही, नुसती पाण्याची भिंत. तोंडात खारट पाणी गेलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आमच्या विहिरींच्या खारटपणावर वाढलेल्या जिभेलाही ते झोंबलं. छाती बांधल्यासारखी झाली. हात विहिरीतल्यासारखे आपटायला लागले. तेव्हा मला त्या शेतकऱ्याचा प्रश्न खरोखर समजला.

बाजूला एका छोट्या होडीत स्वयंसेविका होती. वीस-बावीस वर्षांची मुलगी असेल. तिनं आरडाओरडा केला नाही. वल्हं आडवं धरून होडी माझ्याकडं वळवली आणि म्हणाली, "काका, धरा. नियम आहे, धरलं तरी चालतं. फक्त होडी पुढं जाणार नाही." हा नियम मी वाचला होता. दमलेला स्पर्धक होडी धरून थांबू शकतो, तिच्या आधारानं पुढं सरकायचं नाही, एवढंच. मी धरलं. तिनं विचारलं, "श्वास सोडताय का?" मी सोडत नव्हतो. मग तोंड पाण्यात घातलं आणि अकोल्याच्या तलावात करायचो तसे बुडबुडे सोडत राहिलो. पुढची लाट आली तेव्हा तिनं आम्हा दोघांना, होडीसकट, वर उचललं, आणि त्या उंचीवरून मला फुगा दिसला, टोप्यांची रांग दिसली, माणसं दिसली. सगळं होतं तिथंच. मी लाटेच्या खाली होतो म्हणून दिसत नव्हतं. तिथून पुढं मी डोकं काढायचं ते लाट वर घेऊन जाईल तेव्हाच. वेळ संपायच्या आत वाळूला पाय लागले.

समुद्रात थकल्यावर धरायचं काय, याचं उत्तर मी त्या शेतकऱ्याला नंतर दिलं. म्हटलं, "बाबा, थकायच्या आधी हळू व्हायचं, आणि दम सोडत राहायचा. समुद्र आपल्याला धरतो." खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, आणि पाठीवर निश्चल पडलेला माणूस सहसा बुडत नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, मला माहीत नाही.

सायकलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या रस्त्यांनी ती चांगली शिकवली. टुनकी-सोनाळ्याकडं जाताना नजरेला सपाट दिसणारा पण पायांना कळणारा चढ आहे, पावसाळ्यात आडवा वारा आहे, कापसाच्या गाड्या आहेत आणि बांधावरचे सराटे आहेत. त्या काट्यांनी पातळ टायरची चाळण होते, म्हणून डोळे मिटूनही ट्यूब बदलता यावी एवढा हात बसला. पणजीत एक नियम नवा वाटला. पुढच्या सायकलीपासून बारा मीटर अंतर राखावं लागतं. त्याच्या आडोशाला राहून वारा चुकवला तर दंड म्हणून पाच मिनिटं थांबवतात. प्रत्येकानं आपला वारा आपण कापायचा. हा नियम मला आवडतो.

धावणं मात्र आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना गोव्यात वेगळ्या प्रकारे पाडतं. मे महिन्यात ४४-४५ अंशांत राहणारा माणूस तिथल्या तिशीच्या तापमानाला काय भ्यायचं, असं मला वाटायचं. पण आमची हवा कोरडी. घाम आला की उडून जातो, अंग निवतं, आणि मागं बनियनवर मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. समुद्रकाठी हवेतच ओल एवढी की घाम उडत नाही, नुसता निथळतो, बुटात साचतो, आणि अंग तापतच राहतं. पाणी कितीही प्यायलं तरी समाधान होत नाही. आणि नुसतं पाणी पीत राहणं हेच इथं घातक आहे. तासन्‌तास घामावाटे मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि फार खाली गेलं तर झटके येतात. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मीठ कमी पडेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. मला ते कळलं शेगाव रस्त्यावरच्या एका लांब सरावात, पूर्णेच्या पुलावर भर उन्हात डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा. एका डॉक्टर मित्रानं मग नीट समजावलं. तेव्हापासून बाटलीत मीठ, साखर आणि लिंबू मोजून असतं, खिशात खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की असते, आणि तहान लागली म्हणून नव्हे, तर घड्याळ बघून मी पितो आणि खातो.

सायकलीवरून उतरून धावायला लागलं की पहिले दोन-तीन किलोमीटर पाय स्वतःचे वाटत नाहीत. लोक बाजूनं टाळ्या वाजवत असतात आणि वेगात जावंसं वाटतं. तिथंच आवरावं लागतं. मी पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालतो, पूर्ण पेला संपवतो, मग पुन्हा धावतो. या चालण्याची मला लाज वाटत नाही. पंधराव्या किलोमीटरनंतर जी माणसं रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून बसलेली दिसतात, ती बहुतेक सुरुवातीला माझ्या पुढं गेलेली असतात. एकदा त्यातल्या एकाला मी माझ्याजवळची मीठ-साखरेची बाटली दिली. तो बंगळूरचा होता. आम्ही शेवटचा टप्पा बरोबर चालत-धावत संपवला, एकमेकांची भाषा न कळता.

गावात परत आलो की सत्कार होतो, हार घालतात, आणि भाषणात जिद्दीचं कौतुक होतं. लोकांचं प्रेम आहे त्यात, मला ते मोलाचं वाटतं. पण तरुण मुलं ऐकत असतात म्हणून मी प्रत्येक वेळी उभं राहून सांगतो की जिद्दीनं मी पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या होत्या. मला बाहेर काढलं ते सरावानं, मोजून पिण्यानं आणि वेळेवर थांबता येण्यानं.

थांबण्याची खरी परीक्षा शर्यतीबाहेर झाली. माझ्या धंद्याचं आणि या खेळाचं वेळापत्रक जुळत नाही. जून महिना बियाण्याचा, पहाटेपासून दुकानापुढं रांग. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला येतं, कापूस फुटतो, उधारी वसूल व्हायची असते. तरी दरवर्षी काहीतरी जुळवायचो. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदी-नाले शेतातून वाहिले. पूर ओसरल्यावर मी सायकल घेऊन निघालो ते सरावाला नव्हे, कुणाचं काय झालं ते बघायला. एका शेतात कपाशी नव्हती, इतकंच नाही, माती नव्हती. काळी जमीन खरडून निघालेली, खालचा मुरूम आणि गोटे वर आलेले. शेताचा मालक बांधावर उभा होता. नेहमी दुकानात बियाणं न्यायचा. मला म्हणाला, "आता पेरू कायच्यात?"

त्या वर्षी मी शर्यतीला गेलो नाही. कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं. पण एकरभर कपाशीची लागवड उभी राहील एवढा पैसा प्रवेश शुल्क, गाडीभाडं आणि राहण्यात जातो, आणि तो घेऊन समुद्रात पोहायला जाण्याची माझी इच्छा उरली नाही. हौशी खेळाडूनं एखादं वर्ष सोडलं तर काही बिघडत नाही. समुद्र पुढच्या वर्षीही असतो. हा खर्चिक खेळ आहे, आणि तो माझ्यासारख्या दुकानदाराला कसाबसा परवडतो, शेतमजुराच्या पोराला परवडत नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. धावायला मात्र पैसे लागत नाहीत, आणि पोहायला शिकायलाही लागू नयेत.

पोहण्याच्या याच गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो. माझी आई मला लहानपणी एकच सांगायची, "पान्याजवळ जाऊ नको, बापू." गावातल्या सगळ्या आया हेच सांगतात, आणि त्यांचं भय खोटं नाही. जगभरात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुलांचं प्रमाण फार मोठं आहे. आपल्याकडं दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडालेल्या मुलांची बातमी येते. एक पाय घसरतो, दुसरा त्याला काढायला जातो, आणि दोघंही जातात. पोर पाण्याजवळ जाणार हे नक्की असताना जाऊ नको एवढंच सांगून भागत नाही. मुलींना तर विहिरीतही कुणी उतरवत नाही, आणि पाणी भरायला, धुणं धुवायला, गुरं पाजायला त्याच जास्त जातात.

मी आता सुटीत गावातल्या मुलामुलींना शिकवतो. माझी मुलगी आणि पुतण्या त्यात आहेत. शर्यतीचं नाव मी काढत नाही. तीन गोष्टी शिकवतो. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, दमल्यावर पाठीवर निपचित पडून तरंगायचं, आणि कुणी बुडत असेल तर उडी न मारता दोर, काठी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडं फेकायचं.

ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी जाड दोर, हातभर अंतरावर गाठी मारून, खुंट्याला पक्के बांधून पाण्यात सोडा, आणि एक हवा भरलेली ट्यूब कायम काठावर ठेवा. दर पावसाळ्याआधी दोर ओढून तपासा, उन्हानं कुजला असेल तर बदला. हे सगळं सामान कुठल्याही गावच्या बाजारात मिळतं. येत्या रविवारीच करा.